कोंड्याचे नव्वद दिवस

३ जानेवारी
शुगर २१२. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण मोबाइलवर भारी लेख सापडला. तांदूळ सडताना निघणाऱ्या कोंड्यात ओरायझॅनॉल, फायबर, काय काय असतं. संशोधन चालू आहे असं शेवटी लिहिलंय, म्हणजे जवळजवळ सिद्धच. गोळ्या कपाटात. नव्वद दिवस फक्त कोंडा.

४ जानेवारी, सकाळी ८
दयारामच्या भातगिरणीवर गेलो. कोंडा मागितला. म्हशी किती हायत, त्याने विचारलं. एक, म्हणालो.

५ जानेवारी
पाण्यात ढवळून घेतला. घशात अडकला. बायकोने, कमळने, पाठीत धपका घातला. तिलाही शुगर आहे, पण ती गोळ्या घेते. सायंटिफिक विचार कमी.

९ जानेवारी
गूळ-तूप घालून लाडू वळले. उत्तम. दिवसाला चार. गूळ नॅचरल असल्याने साखरेत धरत नाही.

१४ जानेवारी
डब्यातला कोंडा खवट झाला. रोज ताजा हवा. गिरणी दोन किलोमीटर, माझे गुडघे असे. कमळ आणेल, असं ठरलं. मी ठरवलं.

२ फेब्रुवारी
लाडू सहा. तहान फार, बाथरूमच्या फेऱ्याही. विषं बाहेर पडतायत.

२० फेब्रुवारी
मुंबईला मुलीकडे, प्रज्ञाकडे, दोघं निघालो होतो. मांडव्याच्या जेट्टीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसलो. बोट गेली. गोळ्या घेता ना, कमळने विचारलं. सगळं चालू आहे, म्हणालो. कोंडा चालू आहेच. प्रज्ञाने फोनवरूनच दोघांची टेस्ट ठरवली.

२२ फेब्रुवारी
मी ३०६. कमळ १२८.
मशीन बिघडलं असेल, म्हणालो. डॉक्टरांनी ऐकलं नाही. कमळला विचारलं, काय केलंत? गोळी वेळेवर, ती म्हणाली, आणि यांच्या कोंड्यासाठी रोज चार किलोमीटर चालणं. थोडा भाकरीच्या पिठातही घालते. डॉक्टर म्हणाले, भाकरीत चांगलाच, पण गोळीच्या जागी चालत नाही.
घरी येऊन तिने कपाट उघडलं. सगळी पाकिटं न फोडलेली. ओरडेल असं वाटलं. ती पलंगावर बसली.
"मला एकटीला टाकून जायचं होतं काय?"
याचं उत्तर लेखात नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
गोळी घेतली. कमळ फिरायला निघाली. उद्यापासून मीही येईन, म्हणालो.
"थांबते मी. चपला घाला."
घातल्या.