विहिरीच्या मोटारीला लावलेला फोन

ती. आईस, समाधानचा ओडिशाच्या किनाऱ्यावरून नमस्कार.

पत्र लिहायचं चार दिवस टाळत होतो, लाज वाटत होती. वादळाच्या दिवशी मी फोन केला, पण घरी नाही, आपल्या विहिरीच्या मोटारीला.

माझा मोबाईल भिजून मेला. इथल्या शाळेत निवारा केलाय, तिथल्या साहेबांनी प्रत्येकाला एकच फोन करू दिला. घरातल्या कुणाचाच नंबर मला पाठ नाही. पाठ फक्त मोटारीच्या स्टार्टरमधल्या सिमचा, रिंग दिली की मोटार चालू होते, रोज तोच लावायचो ना. म्हटलं, मोटार आपोआप चालू झाली की तुम्ही समजाल, पोरगा जिवंत आहे. समजलात का गं?

त्याच शाळेत झोपतोय, म्हणजे नुसता पडतोय. डाळ-भात मिळतो. अंग पार आंबून गेलंय. समुद्र शांत असला की लय भारी दिसतो, पण ते असू दे. छायाताईची शेवंती फुलली का? इतक्या लांब कामाला आलो म्हणून अण्णा अजून रागावलेत?

थांब, दारात कुणीतरी मराठीत ओरडतंय.

आई, अण्णा आलेत! येवल्याच्या कांद्याच्या ट्रकमधून, एकेक निवारा शोधत. म्हणतात, "मोटार चालू केलीस, बंद कोण करणार? ताईची सगळी शेवंती बुडवलीस!"

ओरडतायत, पण माझं मनगट काही सोडत नाहीत.

तुझाच,
समाधान