आमच्या इमारतीची कळ

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष घालायचा म्हटलं तर आठांपैकी तीन अंगं हल्ली माझं ऐकत नाहीत). भाऊजींचा खोकला उतरला असेल. औषध घेत नसतील तर मी सांगितलंय म्हणून दे, म्हणजे तुझ्याऐवजी माझ्यावर चिडतील. इकडे आम्ही दोघं, आई आणि मी, खुशाल आहोत. तुझं पत्र पोचलं. "आई बावन्न दिवस चौथ्या मजल्यावर कोंडून पडली आहे, मी शनिवारी गाडी घेऊन येते आणि तिला कायमची घेऊन जाते" हे वाक्य मी सहा वेळा वाचलं. सहाही वेळा ते तसंच होतं. अक्का, तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण आईला न्यायला येऊ नकोस. ती गेली तर या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरणार, आणि दोघांत घड्याळ जास्त बोलकं आहे. तेव्हा काय काय झालं ते नीट लिहितो, मग तूच ठरव.

तुला आमची लिफ्ट माहीत आहे. जाळीचं दार हातानं ओढून लावावं लागतं, आणि ते कुठल्याही मजल्यावर बोटभर जरी उघडं राहिलं तरी लिफ्ट तिथेच ठाण मांडून बसते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि नेमकं तेव्हापासून लिफ्टनं चौथ्या मजल्याशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, त्यांचे पेशंट अर्धा जबडा बधिर करून बाहेर पडतात, दार उघडं टाकून जातात, आणि वरून "दार लावा!" म्हणून ओरडलं तर "ब्वा" असा काहीतरी आवाज करतात. तिसऱ्यावर शिवणवाल्या बाई. त्या कापडाचे गठ्ठे आत-बाहेर करताना दारात एक गठ्ठा अडकवूनच ठेवतात. मी अध्यक्ष या नात्यानं (कसा झालो विचारू नकोस, त्या सभेला उशिरा पोचलो एवढंच) प्रत्येक मजल्यावर "कृपया दार लावा" अशी पाटी टांगली. पहिल्या मजल्यावरची पाटी दाराच्या खाचेत अडकली आणि दोन दिवस दार लागेचना.

आता यात तुझ्या चिरंजीवांचा हात कसा, ते सांगतो. मी रिटायर झालो म्हणून मामाचं मन रमावं या सद्हेतूनं त्यानं मला दहा धड्यांचा तो अभ्यासक्रम पाठवला ना, 'व्यवस्था-विचार आणि लोकसहभाग' म्हणून? त्याचं सार असं की माणसांना दोष देऊ नये, माणसं ज्यात अडकलीत ती व्यवस्था बघावी. आणि ती एकट्यानं बघू नये, सगळ्यांनी मिळून बघावी. मला हे इतकं पटलं म्हणून सांगू! बत्तीस वर्षं बसच्या वेळापत्रक विभागात काढली मी. दोन बस एकामागोमाग का येतात आणि मग तासभर एकही का येत नाही, हे झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन (तू कधी विचारलं नाहीस). मी लगेच वही आणि स्टूल घेऊन तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आठवडाभर बसलो आणि लिफ्टची नोंद ठेवली. चौथ्या दिवशी माझी ट्यूब पेटली. लिफ्ट उशिरा येते, म्हणून ज्याच्या हाती लागते तो ती सोडत नाही. सोडत नाही म्हणून दार उघडं ठेवतो. दार उघडं राहतं म्हणून लिफ्ट उशिरा येते. गोल! शिवणवाल्या बाई दुष्ट नाहीत, त्या फक्त पोळलेल्या आहेत. मी बाणांचं झकास चित्र काढलं आणि दारोदार जाऊन समजावून आलो. दातांच्या डॉक्टरांनी ते मन लावून पाहिलं आणि उलटं धरलं होतं असं परत देताना लक्षात आलं.

मग आला सातवा धडा. प्रत्येक व्यवस्थेत म्हणे एक अशी जागा असते, की तिथे बोट लावलं की सगळं हलतं. त्याला आपल्या भाषेत काय म्हणावं म्हणून मी चिरंजीवांना फोन केला. ते घाईत होते. "मामा, सरळ 'कळ' म्हणा," म्हणाले आणि ठेवून दिला. मलाही आवडला शब्द. छोटा, सुटसुटीत. त्याच संध्याकाळी नोटीस लावली: 'रविवारी सकाळी दहाला गच्चीवर सभा. आपल्या इमारतीतली कळ कोणती, हे सर्वांनी मिळून शोधायचे आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून आणावे. स्वतःचे नाव घालू नये. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष वाचल्या जातील.'

अक्का, कळ लावणे, कळ काढणे, कळलाव्या, हे शब्द मला त्या वेळी का आठवू नयेत? आमच्या सभेला एरवी पाच माणसं येतात, त्यातली दोन कपडे वाळत घालायला. रविवारी गच्ची भरली. भाडेकरू आले, एकीची पाहुणी आलेली बहीण आली, तळमजल्यावरचे फोटो-फ्रेमवाले (जे जन्मात लिफ्टमध्ये चढलेले नाहीत) पहिल्या रांगेत येऊन बसले. मी मनात म्हटलं, बघा, लोकसहभाग म्हणतात तो हा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

त्रेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि त्या मी स्वतः, मोठ्यानं, चष्मा लावून वाचल्या. पहिली: 'अध्यक्ष.' मला वाटलं, कोणीतरी माझ्या पदाचं महत्त्व ओळखलं. मी मान लववली. दुसरी: 'अध्यक्षच.' तिसरी: 'दुसरं कोण?' चौथीत तपशील होते: जिन्यात स्टूल टाकून बसतो, कोण केव्हा येतं-जातं वहीत लिहितो, मग घरोघरी जाऊन चित्रं दाखवतो. बावीस चिठ्ठ्या माझ्या नावच्या. नऊ दातांच्या डॉक्टरांच्या, सहा शिवणवाल्या बाईंच्या, आणि पाच अशा की ज्या वाचल्यामुळे दोन घरांतली बोलाचाली अजून बंद आहे. सहभाग इतका वाढला की फ्रेमवाले खुर्चीवर उभे राहिले.

त्या गदारोळात हातात एकच चिठ्ठी उरली होती. वॉचमन घरोघरच्या चिठ्ठ्या गोळा करताना आमच्याकडेही गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं. अक्षर बघितलं आणि ओळखलं. लिहिलं होतं: 'डाव्या गुडघ्यात. जिना उतरताना जास्त.'

मी वाचली आणि फ्रेमवाले खुर्चीवरून खाली उतरले. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "काकू इथेच आहेत? आम्हाला वाटलं, मुलीकडे गेल्या." सगळ्यांना तसंच वाटत होतं. आमच्या समोरचं घर बंद, आमच्या दाराशी कोणी थांबत नाही, आणि मी नोटिशीत काय लिहीत होतो? 'चौथ्या मजल्यावरील वापरकर्त्यांची गैरसोय.' आई म्हणून कुठे लिहिलंच नाही. चाळीस बाणांच्या माझ्या चित्रात दातांचे पेशंट होते, कापडाचे गठ्ठे होते, आई नव्हती. लिफ्ट अडली की ओरडतात ते धडधाकट. जिला खरंच उतरता येत नाही ती वर मुकाट बसून असते. मला लाज वाटली, अक्का. बाई तर रडायलाच लागल्या.

पुढचं सगळं दहा मिनिटांत ठरलं, आणि माझ्या एकाही बाणाशिवाय. फ्रेमवाल्यांनीच सुचवलं: रोज पाच वाजता काकूंनी वरून जाळीवर चमचा वाजवायचा, आणि प्रत्येक मजल्यावर जो घरात असेल त्यानं बाहेर येऊन आपलं दार तपासायचं. बस्स. आज तिसरा दिवस. लिफ्ट सरासरी अठ्ठेचाळीस सेकंदांत येते. (वही बंद आहे, मनातल्या मनात मोजतो.) आई खाली फाटकाशी तासभर बसते. गंमत म्हणजे लिफ्ट परत येते असं दिसल्यामुळे बाई आता गठ्ठा अडकवत नाहीत, आणि तोच गोल उलटा फिरायला लागलाय. तेव्हा शनिवारचा बेत रद्द कर. आई इथे सुखात आहे. आणि खरं सांगायचं तर मलाच तिच्याशिवाय करमणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. अध्यक्ष आता मी नाही, आई आहे. मला काढण्याच्या ठरावावर हात वर करायला सांगितले, तेव्हा सहभागाच्या सवयीनं मीही केला.

पुन्हा ता. क. नव्या अध्यक्षांनी घरात बाण काढायला मनाई केली आहे. चिरंजीवांना म्हणावं, आठवा धडा फ्रेमवाल्यांच्या पत्त्यावर पाठवा.

(मागच्या बाजूला, आईच्या अक्षरात)

चि. अक्कास अनेक आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला म्हणून घेतलं आणि वाचलं. माझा गुडघा तीन आठवड्यांपूर्वीच बरा झाला. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय, म्हणून दुपारी हा घोरायला लागला की चारही मजले उतरून चढते. वॉचमनला शपथ घातली आहे. थोडं दुखतं, पण चालायचंच. तुला आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. पण रिटायर झाल्यापासून हा नुसता खिडकीशी बसून खालच्या बस मोजत होता ग. दिवसाकाठी माझ्याशी चार शब्द नाहीत. मी अडकले म्हणून माझं पोर उठलं, लोकांच्या दारात गेलं, भांडलं, हसलं. काल तर फ्रेमवाल्यांकडे पत्ते खेळायला गेला होता. मी बरी झाले म्हटलं की पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल, या भीतीनं गप्प राहिले. तेव्हा शनिवारी येऊ नकोस. पण तू मला नेशील या धास्तीनंच तो हलता राहतो, तेव्हा येत नाहीस, असं त्याला कळवूही नकोस.