नव्या आवृत्तीने गाळलेली दहावी ओळ

साकोली, ११ ऑक्टोबर १९८८

प्रिय मित्र जागेश्वर यास भैय्याजीचा रामराम.

प्रकृती ठीक असेलच. पुण्याच्या पाण्याने माणूस आजारी पडत नाही, फक्त पत्रं लिहायचा थांबतो. (हा टोमणा आहे.)

जाताना तू शाळेच्या कॉम्प्युटरवर तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम ठेवून गेलास. तीन हंगाम त्याने भांडणाशिवाय पाणी वाटलं. यंदा जुनी मशीन बसली, नवी आली, तिच्यात बेसिक भाषेची नवी आवृत्ती. उद्घाटनाचं भाषण अर्थात माझं. जुन्याला चिकटणारा समाज कुजतो, नवं येऊ द्या, असा सव्वा तास गर्जलो. टाळ्या पडल्या. मग तुझा प्रोग्राम घातला, तर दहाव्या ओळीवरच मशीनने 'चूक' म्हणून मान फिरवली. काल बरोबर ते आज चूक! तलावाचं पाणी सोडणारा नत्थू समोरच होता. म्हणाला, "मास्तर, तुमचं भाषण आयकून रुसली का जी मशीन?"

मी पुन्हा मंचावर चढलो आणि नेमकं उलट भाषण ठोकलं. जी भाषा स्वतःचंच कालचं वाक्य ओळखत नाही, ती भाषा कसली? सातशे वर्षांपूर्वीची ओवी आपण अडखळत का होईना, वाचतोच! धानाचं नवं बियाणं आलं म्हणून कोणी शेतातल्या बांध्या मोडतो काय? (टाळ्या कमी पडल्या. लोकांना चहा हवा होता.) तू त्याच कॉम्प्युटरच्या धंद्यात आहेस, म्हणून जाब तुला विचारतो. नवं खुशाल करा, पण जुन्याला सांभाळून घेणारं करा!

तुझा,
भैय्याजी

ता. क. पाळ्यांची काळजी नको. गणिताच्या सत्यभामाबाईंनी दोन तासांत प्रोग्राम नव्या आवृत्तीत बसवला. पाणी नीट सुटतं आहे. दहावी ओळ तेवढी त्यांनी गाळली. म्हणाल्या, "तिचं काहीच काम नव्हतं जी, मास्तर."

आणखी एक. मशीन सुरू केली की ती ओळ रोमन अक्षरांत विचारायची, "काय गा भैय्याजी, जेवलास का?" पाळ्या लागतात सोमवारी. मी मशीन शनिवारीही का लावायचो, ते मला बाईंना सांगता आलं नाही.

भाऊबीजेनंतर आपल्या गावची मंडईची जत्रा आहे. ओळ दुरुस्त करून पाठवू नकोस. येऊन तोंडाने विचार. पोटभर जेवून बसलो असलो, तरी 'नाही' म्हणेन.