मुखरूची पेनल्टी

राजुरा, ७ जून १९८४

चिरंजीव मुखरू,

खाणीची टीम तुले मॅचमागं साठ रुपये देते, त्याचा मले राग नाई. रविवारी आमच्याशी फायनल जिंकली तर तुले खाणीत पर्मनंट करणार, हेही समजलं. आमच्या गावच्या टीमनं यंदाही पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडला, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले अन् त्या मजुरीतून एंट्री फी भरली. तुझ्या पायातले बूटही गेल्या सालच्या पत्त्याच्या मजुरीतूनच घेतले होते, विसरू नको. अन् हेही आईक, यंदा सहा मॅचमध्ये माह्यावर दोनच गोल झाले.

माय कालपासून मागं लागून राह्यली. "लटारू, गोलमध्ये तूच उभा राहतं ना? लहान्याच्या नोकरीचा सवाल हाये. सोड एखादा बॉल."

मी म्हटलं, "माय, मुद्दाम सोडला तर त्याले तिथीच समजते. मंग नोकरी भेटन, पण तो मले तोंड दाखवणार नाई."

आता कामाचं सांगतो. पेनल्टी माराच्या आधी तुले उजवा बूट डाव्या पोटरीवर पुसाची सवय हाये. बूट पुसला का बॉल माह्या डाव्या बाजूलेच येते. लहानपणापासून मी तेच पाहून तुले अडवून राह्यलो. तेवढी सवय सोड, मंग तुले अडवणारा या जिल्ह्यात कोणी नाई.

हे पत्र सोमवारी पेटीत टाकीन.

तुझा गोलकीपर,
लटारूभाऊ