सहभागी क्रमांक सातची तक्रार

चि. घुबड यास,

मावशीचा आशीर्वाद, पण जरा हात राखून. (लहानपणी तू कुणाला झोपू द्यायचा नाहीस म्हणून हे नाव पडलं. आता मेंदूचा संशोधक होऊन लोकांच्या झोपा मोजतोस, तरी नाव बदलण्याचं कारण मला दिसत नाही.) पाठ कशी आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम आहे, राग सोडला तर.

परवा तुझा फोन आला, की बढतीची समिती येते आहे, मावशी, पुन्हा एकदा येऊन झोपून दाखव. मी नाही म्हणून फोन ठेवला. त्यानंतर संगणकावर तुझ्या शोधनिबंधांचं पान उघडलं, कुणाचा हवाला कुणी किती वेळा दिला ते मोजणारं. (जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आहे, तक्ता वाचता येतो.) चाळीसेक निबंध, आणि बहुतेकांचे हवाले देणारा कोण? तूच! आपली पाठ आपणच थोपटायची आणि आवाज मोजायला नोकर ठेवायचा. एकाच निबंधापुढचा आकडा पाहून मात्र मी चष्मा पुसला. नऊशेच्या वर हवाले. तो माझा! म्हणजे नाव तुझं, मागोमाग तुझ्या सहकाऱ्यांची रांग (त्यांतल्या एकानं म्हणे फक्त खोली मिळवून दिली), आणि मेंदू माझा. माझा उल्लेख काय, तर 'सहभागी क्रमांक सात, वृद्ध स्त्री, सूचनांना संथ प्रतिसाद'. तुझी ती डोक्याला तारा लावणारी मुलगी तोंडात चिकटपट्टी धरून सूचना देत होती. प्रतिसाद संथ नाही येणार, तर काय धावत येईल?

ते नऊशे कोण, तेही पाहिलं. निम्मे भांडायला आलेत. एका गृहस्थांनी लिहिलंय, की अशी अर्धी झोप, अर्धी जाग आपल्याला कुणातच सापडली नाही, ही बाई सरळ जागी होती आणि संशोधकाला बनवत होती. तोही हवाला तुझ्याच खात्यात जमा! आमच्या शाळेत दुसऱ्याचं उतरवलं की पट्टी बसायची. तुमच्यात उतरवलं तरी मान, शिवी दिली तरी मान. तुमचं तुम्हाला लखलाभ. पण मी खोटारडी नाही.

मी जागी नव्हते आणि झोपलेही नव्हते. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात जेवणानंतर विश्रांतीचा तास असे. डोळे मिटलेले, हात पांघरुणावर, कूस बदलायची नाही. सिस्टर खुर्ची टाकून पहाऱ्याला. मग शरीर त्यांच्या हवाली करून आम्ही मुली निघून जायचो. नळाचा थेंब ऐकू येत असायचा, सिस्टरांच्या बुटांची करकर कळत असायची, आणि त्याच वेळी मी पाण्याखालच्या एका गावातून चालत असायचे, जिथे दिवे माशांसारखे हळूच वळायचे. सिस्टरांना हे कधी पकडता आलं नाही. तुझ्या तारांनी पकडलं. त्या गृहस्थांना ते कसं सापडावं? ते कॉलेजची पोरं आणून निजवतात. ती एक तर घोरतात, नाही तर फोन कुठे आहे याची काळजी करतात.

तुझ्या प्रयोगाच्या खोलीत त्या दुपारी पडदा श्वास घेतल्यासारखा हलत होता. यंत्र दूरच्या मधमाश्यांसारखं गुणगुणत होतं. डोक्याच्या तारा लांब होत होत गवत झाल्या. घोटाभर पाण्यातून मी एका बोळातून गेले, तर शेवटी दार किलकिलं. आत एक बाई पाठमोरी बसून केस विंचरत होती. मी दाराला हात लावला, आणि तुझ्या त्या मुलीनं माझा खांदा गदागदा हलवला. "आजी, झालं हं! उठा. चहा टाकू?" असा संताप आला!

तेव्हा मी येणार नाही. बढती अडली तर अडू दे. वर जायचं तर स्वतःच्या अकलेवर जा, मावशीच्या मेंदूवर पाय देऊन नको.

तुझी,
मावशी

ता. क. 'संथ' हा शब्द काढलास तर विचार करीन. नावांच्या रांगेत मला शेवटी उभं करायचं नाही. खोलीवाल्याला मागे सरकव.

आणखी ता. क. घरी रोज दुपारी पडून पाहते. समोर पहाऱ्याची खुर्चीसुद्धा मांडली. पाणी लागतं, बोळ लागतो, दार काही लागत नाही. ते तुझ्याच खोलीत आहे. गुरुवारी गाडी पाठव. समितीला काचेआडून काय पाहायचं ते पाहू दे, पण त्या मुलीला बजाव, मी आपणहून उठेपर्यंत हात लावायचा नाही. केस विंचरणारी तुझी आई होती रे. ताईला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिची पाठ मी ओळखणार नाही का? ती मान वळवत होती, काहीतरी बोलणार होती. तेवढं ऐकून येते. तुझी चौकशी केली, तर बढती झाली म्हणून सांगेन.