दारात ओतलेलं दूध

४ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

मी ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं तर अजिबात ठीक नाही.

काल घरी गेले होते. अप्पा म्हणाले, ताईकडे दूध घालणं बंद केलं, तो रस्ता लांब पडतो. दोन गल्ल्यांपलीकडचं तुझं घर त्यांना कधीपासून लांब पडायला लागलं? शेवटी शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं. त्यांची मुलगी तुझ्या सासूबाईंच्या गाण्याच्या क्लासला येते ना, तिने डोळ्यांनी पाहिलं. सासूबाईंनी सगळ्या पोरींसमोर अप्पांच्या हातातली किटली घेतली, दाराबाहेरच्या मोरीत उपडी केली आणि म्हणाल्या, तुमचं दूध माझ्या नातीच्या छातीत कफ होऊन बसलंय. अप्पा रिकामी किटली घेऊन परत आले. अप्पांच्या दुकानातल्या ज्या दुधावर मी शिकले, त्या दुधाला त्या विष म्हणाल्या.

ताई, मी आहारशास्त्राची पदवी घेतली ती हे ऐकून घ्यायला नाही. सर्दी झालेल्या माणसांना दूध पाजून त्यांचे नाक पुसलेले रुमाल तोलून पाहिलेत लोकांनी. दुधाने शेंबूड वाढत नाही. दूध लाळेत मिसळतं आणि घशाला क्षणभर दाट लेप बसल्यासारखं वाटतं, इतकंच. त्याला कफ म्हणत नाहीत. सोबत सासूबाईंना वेगळं पत्र जोडलं आहे. क्लास भरलेला असताना मोठ्याने वाचून दाखव.

ठमीला पापा. माझ्यावर लोभ कर, त्यांच्यावर करू नकोस.

तुझी धाकटी


९ जानेवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं जोडपत्र मी वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली दडवलं. काय भाषा, गं. 'आपल्या अज्ञानाची आपणांस जाणीव व्हावी' असं सासूला लिहितात का? तू लिहून मोकळी होशील, इथे नांदायचं मला आहे.

पण राग तुला एकटीलाच येतो असं समजू नकोस. त्या दिवशी मी आतल्या खोलीत ठमीचं नाक पुसत होते. बाहेर येईपर्यंत किटली रिकामी झाली होती आणि अप्पा जिना उतरत होते. त्यांनी वर पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ठमी बालवाडीत जायला लागल्यापासून एक सर्दी संपली की दुसरी येते. तिथली सगळीच पोरं नाकं गाळत असतात. पण आमच्याकडे खापर दुधावर. दोन महिने झाले, दूध बंद, दही बंद. पोरीचे फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागलेत. रात्री दूध मागते आणि कोमट पाणी पिऊन झोपते. डॉक्टर म्हणाले दूध द्या, तर सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांना कुठे गायचं असतं? तुझे भावजी म्हणतात, आईचा क्लासचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बोलू. हे 'मग' लग्नापासून ऐकतेय.

काल मी धीर करून म्हटलं, धाकटी म्हणते दुधाने कफ होत नाही. त्या पेटी पुसत होत्या. म्हणाल्या, तुझ्या बहिणीने पुस्तक वाचलंय, मी तीस वर्षं गळा वापरतेय. एका घोटात सांगेन दूध आहे की नाही. चुकले तर तुझे वडील म्हणतील ते करीन.

तब्येत सांभाळ, आणि लेखणीही. माझा जीव आहेच तुझ्यात.

तुझी ताई


१२ जानेवारी

ती. ताईस,

सा. न.

त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या ना? मग आता सुटका नाही. मी रात्रभर खूश होते, आणि अशा गोष्टीवर खूश होणं चांगलं नाही हे ठाऊक असूनही होते.

रविवारी क्लासच्या वेळी दोन थर्मास लागतील. एकात अप्पांचं दूध, दुसऱ्यात सोयाबीनचं. दोन्हींत भरपूर कोको, थोडा पुदिन्याचा अर्क आणि साखर, म्हणजे चव कळायची नाही. तू भरायचे नाहीत, नाहीतर चेहऱ्यावरून कळेल. खालच्या औषधवाल्या काकांना भरायला सांग. कशात काय ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावं. सोयाबीनचंही घशाला तितकंच दाट लागतं, हीच तर गंमत आहे.

यातून फक्त त्यांच्या घशाला ओळखता येत नाही एवढंच सिद्ध होईल, जगाचा प्रश्न सुटणार नाही. मला सध्या एवढं पुरे आहे. मात्र अप्पा दारात उभे हवेत. सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली गेली पाहिजे, त्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

ठमीसाठी लोकरीची टोपी पाठवते आहे. लोभाची आणि बातमीची वाट पाहणारी,

धाकटी


१८ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

तुझ्या मनासारखं झालं, आणि थोडं झालं नाही.

सासूबाईंनी पहिल्या थर्मासातला घोट घेतला, खाकरल्या, वरचा स्वर लावून पाहिला आणि पोरींना म्हणाल्या, बघा, कफाची तार धरली घशात, हेच दूध. दुसऱ्याचा घोट घेऊन स्वर लावला तर म्हणाल्या, गळा कसा मोकळा आहे. आवाज खरंच सुंदर लागला होता, खोटं का बोलू. मग काकांनी चिठ्ठी वाचली. मोकळा गळा अप्पांच्या दुधाचा निघाला. शिंपीणबाईंच्या पोरीला हसू आवरेना. सासूबाई आधी म्हणाल्या, काकांनी थर्मास बदलले. तेव्हा तुझे भावजी उठले. धाकटे, उठले खरे. म्हणाले, आई, आता पुरे, ठमीचं दूध उद्यापासून सुरू.

अप्पा उंबऱ्याबाहेरच उभे होते. सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, उद्यापासून घालत जा. मला वाटलं, अप्पा विरघळतील. पण ते म्हणाले, या दारात मी दूध आणणार नाही. तुम्ही शब्द दिला होता, तर पाळा. दुकान सहाला उघडतं. ज्या हातांनी ओतलं, त्याच हातांनी किटली घेऊन रांगेत या, सुनेला धाडायचं नाही.

माफी मागितली गेली नाही. अप्पांनी मागू दिली नाही असंच म्हण. तेव्हा तुझं अन्न तुझं तूच गोड करून घे.

तुझी ताई


२० जानेवारी

चि. धाकटीस,

अप्पांचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. ताई म्हणाली, पुढचं कळायची तू वाट बघत असशील, म्हणून लिहितो.

ताईच्या सासूबाई दोन्ही दिवस आल्या. काल गर्दी होती. शिंपीणबाई पुढे जा म्हणाल्या, त्या गेल्या नाहीत, रांगेतच थांबल्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तुला ठाऊक आहे, मी माप ओतल्यावर प्रत्येकाच्या भांड्यात वर एक धार सोडतो. माझे वडील सोडत, मीही सोडतो. त्यांच्या किटलीत माप ओतलं आणि हात थांबवला. त्यांनी किटली मागे घेतली नाही, तशीच धरून ठेवली. मी मागच्या गिऱ्हाइकाचं भांडं पुढे घेतलं आणि त्याला धार सोडली. तेव्हा त्यांनी झाकण लावलं. आजही तसंच केलं. उद्याही करीन.

नातीच्या हक्काचं तिला पुरेपूर मिळतं. वरचं माझ्या मर्जीचं असतं.

जेवत जा.

अप्पा