शून्यातून दोन वजा

२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. बाबा काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात आणि डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून रोज माझ्या स्वयंपाकाचा उद्धार करतात.

तू मूळ म्हणून गणित मंडळाला कळवलेल्या संख्येची फेरतपासणी मी केली. नियमाप्रमाणे वेगळं यंत्र, वेगळा प्रोग्रॅम. चारापासून सुरुवात, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, तुझ्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर पुन्हा तेच, कोट्यवधी वेळा. अखेरची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. माझी आली नाही. तिसऱ्या यंत्रावरही चालवली. तिथली बाकी माझ्या बाकीशी अंकन् अंक जुळली.

तू वेगासाठी मधल्या तपासण्या बंद ठेवल्या होत्यास. यंत्र तापून बिघडलं आणि तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर शून्यच देत राहिलं. शून्यातून दोन वजा करून शून्य! हे तुझ्या नजरेतून सुटलं असं मी धरून चालले होते.

मग तुझा फोन आला. "तपासणीवर सही करून टाक गं. बाबा आता किती दिवसांचे सोबती?" तोवर मी निकाल कुणालाच सांगितला नव्हता, दादा.

बाबांनी तुझी मूळ संख्या गल्लीभर केली आहे. न्हाव्याने त्या आनंदात फुकट दाढी केली म्हणे. काल मी त्यांना सांगितलं, की ती मूळ नाही. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, लगेच ताठ बसले.

"कशाने भाग जातो?"

"ते माहीत नाही. या चाचणीत फक्त भाग जातो एवढंच कळतं."

"वा! चोरी झाली, पण काय गेलं ते ठाऊक नाही. भागून दाखव, मग बोल."

"बाबा, चाचणी पक्की आहे. तुम्हाला मांडून दाखवते."

"त्याचं नाव होतंय तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

मी त्यांच्या गोळ्या काढून दिल्या आणि भांडी घासायला गेले.

सही मी केलेली नाही. सोमवारी माझा निकाल मंडळाकडे जाईल. त्याआधी तू बाबांना सांग. माझं खरं त्यांच्या गळी उतरत नाही, तुझं खोटं मात्र ते दारोदार वाटून आले.

आणखी एक. मी बदली मागितली होती, ती मिळाली. एक तारखेपासून बाबांजवळ कोण राहणार, ते तू आणि वहिनी ठरवा. सकाळची गोळी उपाशीपोटी असते. डावा हात अजून नीट चालत नाही, शर्टाची बटणं आपल्याला लावावी लागतात. आपण लावली हे त्यांना आवडत नाही, तेव्हा बोलू नये.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. त्यांना फोन कर.

तुझी,
धाकटी